ठकूताईचा ताबा

मी, या कागदाच्या शेवटी सही करणारी बाई, धंदा बसच्या सीटा शिवणं, सध्या घरी बसून, राहणार डेपोच्या भिंतीला लागून असलेल्या कारखान्याच्या वरच्या दोन खोल्या, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे. फुप्फुसं नाहीत. आयुष्यभर काथ्याची आणि फोमची धूळ खाल्ली, ती आता एकेक श्वास मोजून वसूल करते आहे. पण मृत्युपत्राला फुप्फुसं लागत नाहीत, डोकं लागतं, असं वकीलबाई म्हणाल्या, आणि समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखलाही दिला आहे. हे सगळं मी राजीखुशीनं लिहिते. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणायला घरात आहेच कोण?

भाषा जरा कायद्याची ठेवा, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. जमेल तिथवर ठेवते. दम लागला की बोलते तशी लिहीन, त्याला इलाज नाही.

कलम पहिले. ऑपरेशनच्या वेळी मी एक मृत्युपत्र केलं होतं. त्यात सगळी मिळकत मांजरीच्या देखभालीला ठेवली होती. मांजर माझ्याआधी गेली. सबब ते मृत्युपत्र रद्द समजावं.

कलम दुसरे. वरच्या दोन्ही खोल्या आणि खालचा कारखाना माझ्या थोरल्या भावाच्या मुलीला द्यावा. यापुढे तिला नुसतं भाची म्हणेन. तिचा बाप आणि मी तीसेक वर्षं एकमेकांशी बोललेलो नाही, पण ही पोरगी दप्तर पाठीला असल्यापासून जिना चढून येते. "आत्या, आहेस का गं?" घरी सांगायची, शिकवणीला जाते. खोटं नव्हतं ते. मी तिला बेस गिटार शिकवत होते. ती गिटारही तिलाच. जाड तार बदलून घे बाई, गंजली आहे, आणि तिथे काटकसर करू नकोस. मोरीचा नळ डावीकडे अर्धाच फिरव, पुरता फिरवलास तर हातात येईल.

कलम तिसरे. दाभणं, वाकड्या सुया, हातोड्या, दोन्ही कात्र्या आणि शिवणयंत्र डेपोच्या शिवणखात्यातल्या बायकांना मिळून द्यावं. मोठ्या कात्रीनं कोणी कागद कापला तर मी भूत होऊन मानगुटीवर बसेन. ही अट कायद्यात बसत नाही म्हणे. तरी राहू दे.

कलम चौथे. बँकेत जे काही आहे त्यातून आधी माझी विल्हेवाट लावावी, कमीत कमी गडबडीत. भाषणं नकोत. उरेल ते कलम आठव्यातल्या प्रयोगाला घालावं.

कलम पाचवे. आता ठकूताई. हे नाव ऐकून वकीलबाईंनी विचारलं, "नात्यातल्या का?" म्हटलं, "हो, पण कापडाच्या." त्यांनी पेनच खाली ठेवलं. वस्तूचं नीट वर्णन केल्याशिवाय ती कोणाला देता येत नाही, असा नियम आहे. म्हणून करते.

ठकूताई हा एक ड्रॅगन आहे. शेपूट दुमडली तरी कारखान्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पुरते. सांगाडा वेताचा, त्याला बसच्या जुन्या सीटांच्या स्प्रिंगा. कातडी हिरव्या-काळ्या रेग्झीनची. पंख दोन, आतून दोरी ओढली की मिटतात. डोळे म्हणजे बसचे मागचे लाल दिवे, बॅटरीवर लागतात. दात प्लास्टरचे, त्यातला एक पडलेला. पोटात एक माणूस उभा राहून बेस गिटार वाजवू शकेल एवढी जागा आहे. तो माणूस म्हणजे मी. जाहिरातीच्या कागदावर तिचं नाव 'ज्वालासुर' असं छापलेलं असायचं, ते माझ्या भावानं, म्हणजे दादानं, ठेवलेलं. पण आम्ही तिला शिवत होतो तेव्हा ती बिनदातांची आणि मान टाकलेली, चिंध्यांच्या बाहुलीसारखी दिसायची. आई म्हणाली, "ही कसली असुर? ही तर ठकूताई." तेच नाव राहिलं.

आमच्या बँडचं नाव 'राखेचं राज्य'. हेवी मेटल. दादा गायचा आणि राजा व्हायचा: पत्र्याचा मुकुट, लोखंडी पंजा, लाकडी तलवार. गिटारवर गॅरेजमधला मेकॅनिक, त्याला आम्ही पाना म्हणायचो. ड्रमवर बेकरीवाला, पहाटे पाव भाजायचा आणि संध्याकाळी आमची डोकी. ते दोघंही आता गेले, एकाच वर्षात, ठरवून गेल्यासारखे. राहिलो आम्ही दोघं, न बोलणारे.

गोष्ट अशी होती. एका राज्यात सगळं जळून राख झालेलं आहे. विहिरी आटल्या आहेत. एकच झरा उरला आहे आणि त्याला वेटोळं घालून ड्रॅगन बसला आहे. राजा पाण्यासाठी निघतो. दर प्रयोगाला गोष्टीचा एक भाग. हेवी मेटल ऐकायला येणाऱ्यांना गोष्ट नको असायची आणि गोष्ट ऐकायला येणाऱ्यांना हेवी मेटल सोसायचं नाही, त्यामुळे गर्दी कधीच झाली नाही. धुरासाठी आम्ही ओला भुसा जाळायचो. पहिल्या रांगेतले टाळ्या वाजवताहेत की खोकताहेत ते कळायचं नाही. पण वाजवायचो, बापरे! पान्यानं तारांवर पहिला फटका मारला की हॉलच्या काचा थरथरायच्या, आणि दादाचा आवाज छपराला जाऊन थडकायचा. मी आतून, पत्र्याच्या नळकांड्यात तोंड घालून, ड्रॅगनच्या आवाजात दोनच ओळी म्हणायचे:

राजा, तलवार खाली ठेव.
तहान लागली तर पाणी माग.

राजा काही मागायचा नाही. राजे मागत नसतात म्हणे.

कलम सहावे. शेवटच्या प्रयोगाबद्दल. हे वकीलबाईंच्या मते गाळलं तरी चालेल. मला चालणार नाही.

गोष्ट संपवायची ठरली तेव्हा दादानं लिहून आणलं की राजा ड्रॅगनला मारतो, झरा मोकळा होतो, पडदा. मी म्हटलं, "ठकूताई मरणार नाही."

"अगं, ड्रॅगन आहे तो. ड्रॅगन मरतातच शेवटी."

"मग राजानं पाणी मागावं की. देईल ती."

"हॅ! लोक तिकिटाचे पैसे परत मागतील."

"लोक आहेत कुठे?" पाना म्हणाला, आणि बेकरीवाला एवढा हसला की त्याच्या हातातली काठी पडली. दादा हसला नाही. त्यानं लाकडी तलवार बाजूला टाकली आणि गॅरेजमधून एक लोखंडी पट्टी घासून, धार लावून आणली. पंख खरोखर फाटावा आणि आतून लाल कापडाचा लोंढा बाहेर यावा, असं त्याच्या मनात होतं. कुठे फाडायचं त्याची खडूनं खूण केली. डाव्या पंखावर.

दादा, आता हे तुझ्यासाठी लिहिते. डावा पंख आईनं शिवला होता. मी नाही. ती आजारी होती, उशीला टेकून बसायची आणि म्हणायची, "आण इकडे ते लक्तर, पडून पडून कंटाळा आला." दोन महिने तिनं तेवढंच काम केलं. आपली आई डावरी होती, तिचे टाके आपल्या टाक्यांच्या उलट्या बाजूला कलतात. पंख उलटा करून बघ, दिसतील. प्रयोगाच्या वेळी तिला जाऊन वर्षही झालं नव्हतं आणि तू नेमकी तिथेच खूण केलीस.

मी सांगितलं नाही. तोंड होतं की मला, पण नाही सांगितलं. मला वाटलं, आपल्या आईचा टाका पोराला दिसू नये? आंधळा आहे का हा? आणि तू काही आंधळा नव्हतास, तू घाईत होतास.

पुढचं तुला ठाऊक आहे, पण मृत्युपत्र वाचणाऱ्या इतरांना नाही. दादा तलवार घेऊन आला. मी आतून पंख गच्च मिटून घेतले आणि पडलेच नाही. एकच सूर वाजवत उभी राहिले. त्यानं पाठीवर पट्टीची चपटी बाजू मारली, एकदा, पुन्हा एकदा. लोक हसायला लागले. कोणी तरी ओरडलं, "पड की रे आता, जेवायला जायचंय!" मग दादा ड्रॅगनच्या नाकाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "छोटे, पड ना गं." सगळा राजेपणा गेला होता त्याचा. मी नाही पडले. त्यानं मुकुट काढला आणि मधल्या रस्त्यानं, लोकांमधून चालत बाहेर गेला. त्यानंतर राखेचं राज्य नाही, आणि दादाही नाही.

नाही म्हणायला, आवाज होता. त्याला बस स्थानकावर घोषणा करायची नोकरी लागली आणि माझा कारखाना डेपोच्या भिंतीला लागून. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याचा आवाज सकाळपासून कर्ण्यातून कानावर. "गाडी उशिराने येत आहे. झालेल्या उशिराबद्दल आम्ही दिलगीर आहोत." त्याला पडसं झालं की त्याच्या बायकोआधी मला कळायचं. मी भाचीच्या हाती गोळ्या पाठवायचे, तिनंच आणल्या असं सांगायला लावून. साऱ्या गावापाशी रोज दिलगीर, आणि बहिणीपाशी एकदाही नाही. आता तो निवृत्त झाला आहे, पण त्याचा आवाज भरून ठेवला आहे, तोच वाजतो. हे लिहितानाही वाजतो आहे. कुठली तरी गाडी उशिरा आहे.

कलम सातवे. कॅसेटींबद्दल. आम्ही एकच कॅसेट काढली होती, कारखान्यातच, भिंतींना फोम लावून. खपली नाही. दादा निघून गेल्यावर खोकी माझ्याकडे पडून राहिली. टाकवत नव्हती, ठेववतही नव्हती. मग मी एक केलं. बसची मागची लांब सीट शिवायला आली की तिच्या लाकडी पेटीत एक कॅसेट ठेवायची, वरून फोम, रेग्झीन आणि शेवटी माझी नेहमीची लाल दोऱ्याची गाठ. म्हटलं, जा बाई, फिर गावोगाव. कोणी ऐकणार नसलं तरी प्रवास तरी होईल.

वर्षं गेली. त्या बसगाड्या भंगारात निघाल्या. नदीपलीकडे भंगाराचं आवार चालवणारी एक बाई आहे, तिला भंगारवाली म्हणते, तीही स्वतःला तेच म्हणते. सीट फोडताना तिला कॅसेट सापडली. तिच्या जुन्या ट्रकात टेप होता, त्यात घातली. "आधी वाटलं टेप बिघडला," ती मला म्हणाली. "मग वाटलं, नाही, हे असंच आहे. मग ट्रक बाजूला घेतला आणि शेवटपर्यंत ऐकलं." तिनं ती इंटरनेटवर टाकली. आणि काय सांगू, कुठल्या कुठल्या मुलखातली माणसं, ज्यांना आमची भाषा कळत नाही, ती ड्रॅगनच्या ओळी पाठ म्हणू लागली. दुसरी सापडते का म्हणून लोक जुन्या सीटा फाडू लागले. डेपोला पाटी लावावी लागली. भंगारवालीनं लाल गाठीवरून माझा माग काढला आणि एक दिवस दारात उभी राहिली. "लाल गाठ मारणाऱ्या तुम्हीच का?" मला वाटलं सीटची तक्रार. म्हटलं, "गॅरंटी केव्हाच संपली."

आनंद झाला का, असं सगळे विचारतात. झाला. खोटं कशाला बोलू? पण तो उशिरा आला आणि मला जिना चढवत नाही. भूक मेल्यावर ताट वाढलं तर माणूस ताटाकडे बघून बरं वाटून घेतो, तेवढंच.

वर्तमानपत्रातल्या ज्या समीक्षकानं आम्हाला 'पावडर फासलेली सर्कस' म्हटलं होतं, त्यानं आता लिहिलं आहे की आमचं मोठेपण आपण तेव्हाच ओळखलं होतं. त्याला उरलेल्या कॅसेटींपैकी एक द्यावी, फीत गुंतलेली. पेन्सिल घालून सोडवत बसेल. बाकीच्या भंगारवालीला.

कलम आठवे. कॅसेट शेवटच्या भागाच्या आधी संपते. त्यामुळे जो तो विचारतो, पुढे काय झालं? ड्रॅगन मेला का? भंगारवालीनं एक प्रयोग ठरवला आहे, त्याच हॉलमध्ये. गिटार आणि ड्रमवर कॅसेट ऐकून शिकलेली माणसं. ठकूताईच्या पोटात मी उभी राहू शकत नाही, तिथे भाची. राजा दादाच, दुसरा कोण होणार? भंगारवाली त्याच्याकडे गेली तेव्हा तो लगेच हो म्हणाला. एकच अट घातली: या वेळी ड्रॅगन मरेल. ती पट्टी त्यानं जपून ठेवली आहे म्हणे, तेल लावून.

हे ऐकल्यावर मी भांडायला उठणार होते. उठलेही. दोन पायऱ्या उतरले आणि तिथेच बसून राहिले, भाचीनं वर आणलं. तेव्हा ठरवलं की पुरे.

कलम नववे. ठकूताईचा ताबा. सदर ड्रॅगन, डोळ्यांच्या बॅटरीसह, माझ्या थोरल्या भावाला द्यावा. पूर्ण मालकीनं, विनाअट. मारायचा तर मारावा. जिथे खडूची खूण केली होती तिथेच फाडायचा तर फाडावा. टाके कोणाचे ते आता त्याला कळलं आहे, पुढचं त्याचं तो जाणो. मी तीस वर्षं पंख मिटून उभी आहे, माझे हात भरून आले.

काही कारणानं त्याला तो मिळू शकला नाही, तर ठकूताई भंगारवालीला द्यावी, या अटीवर की तिला कोणीही, कधीही, गोष्टीतसुद्धा शस्त्र लावायचं नाही.

साक्षीदार दोन लागतात. मला ओळखणारी माणसं थोडी, म्हणून सहज विचारलं, "भावाची सही चालेल का?" वकीलबाई म्हणाल्या, "मुळीच नको. साक्ष देणाऱ्याला मृत्युपत्रातलं काही मिळत नाही. त्यांना ड्रॅगन द्यायचाय ना? मग सही दुसऱ्याची घ्या." म्हणून एक साक्षीदार डॉक्टरीणबाई आणि दुसरा कोपऱ्यावरचा चष्मेवाला. त्याला माझं काहीच नको आहे.

सही करण्याआधीची पुरवणी, त्याच दिवशी, माझ्याच हातानं.

सगळे जमलो होतो. वकीलबाई, डॉक्टरीणबाई, चष्मेवाला. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली, थांबत थांबत. दादा. भाचीनं त्याला आणलं, मला न विचारता. बापावर गेली आहे. म्हातारा झाला की गं तो! दारात उभा राहून धापा टाकत होता, काठी भिंतीला टेकवली आणि म्हणाला, "पाणी दे गं जरा, छोटे."

दिलं.

तो प्यायला. मग वकीलबाईंच्या हातातून कागद घेतले आणि खिडकीशी बसून वाचले. कलम सहाव्याला बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर तो काठी घेऊन खाली कारखान्यात गेला. खालून रेग्झीन सरकवल्याचा आवाज आला. चष्मेवाला म्हणाला, "मी नंतर येऊ का?" वकीलबाईंनी त्याला बसवून ठेवलं.

दादा वर आला तेव्हा गुडघ्यांना धूळ होती आणि डोळे पुसलेले होते. चष्मेवाल्याला म्हणाला, "उठा, ती जागा मला द्या." वकीलबाई म्हणाल्या, "अहो काका, सही केलीत तर तुम्हाला ड्रॅगन मिळणार नाही." तो म्हणाला, "वाचता येतं मला."

मी त्याच्याकडे बघितलं नाही. सही करताना हात हलला तर लोक म्हणतील दबाव होता. दबाव नव्हता.

वरील सर्व मजकूर माझा आहे आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी त्याखाली सही करत आहे.

ठिकाण: कारखान्याच्या वरची पुढची खोली.
दिनांक: आजचा, वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तो.

सही: लिहून देणार, सीटा शिवणारी (शेजारी लाल दोऱ्याची एक गाठ)

साक्षीदार पहिली: समोरच्या दवाखान्यातली डॉक्टर. यांनी माझ्यासमोर, पूर्ण शुद्धीत सही केली. मी त्यांना रडू नका म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही.

साक्षीदार दुसरा: यांचा थोरला भाऊ, बस स्थानकावरचा निवृत्त घोषणाकार. कलम नववे वाचलं, समजलं, आणि समजून सही करत आहे. डाव्या पंखाचे टाके पाहिले. आईचेच आहेत. प्रयोगात राजा तलवार खाली ठेवील आणि पाणी मागेल. झालेल्या उशिराबद्दल दिलगीर आहे.